माशीचं गोड

माझं अक्षर वाईट आहे, हे मला कुणी सांगायला नको. अमरावतीला राजापेठेत नातवाच्या घरी खिडकीपाशी बसून मी हे लिहिते आणि संध्याकाळी नातसून ते वाचते. वाचता वाचता ती माझ्या ‘मले’चं ‘मला’ करते, ‘कावून’चं ‘का’ करते आणि मान तिरकी करून म्हणते, “आजी, आता कसं छान वाटतं.” वाटू दे बाई. माझ्या बोलण्याची तू पाहिजे तेवढी वेणीफणी कर. पण गेलेली माणसं जे बोलली ते तसंच राहू दे, नाही तर ही वही उचलून चुलीत घालीन, असं मी तिला बजावून ठेवलं आहे. तिला वाटतं म्हातारी गंमत करते. मी गंमत करत नाही.

मोर्शीहून सून होऊन अकोल्याला आले तेव्हा मी पुरती पंधराचीही नव्हते. सातासमुद्रापलीकडे कुठे तरी गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली होती, आणि त्यामुळे आमच्या घरात कापूस. याचा त्याचा संबंध काय ते मला तेव्हा कळलं नाही आणि खरं सांगते, आजही नीट कळलेलं नाही. ओसरीवर कापूस, माडीवर कापूस, न्हाणीच्या दारापर्यंत कापूस. वरणात कापूस निघायचा. मामंजी शिंकले की त्यांच्या मिशीतून कापूस उडायचा. पहाटेपासून सरकी काढायचे रेचे कुरकुरायला लागत, मग बंड्या जुंपल्याचे आवाज, बैलांच्या घंट्या, आणि या सगळ्यावर आमच्या आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा आवाज. त्या अंगानं एवढ्याशा होत्या, पण अंगणातून हाक मारली की नदीवर धुणं धुणारी बाई धुणं सोडून उभी राही. हात मात्र सोन्याचा. अंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी घालून त्या ज्वारीची गरम भाकरी ताटात टाकत, गोळाभात करत, पातोड्यांचा रस्सा असा करत की मी दोन दोन दिवस माहेर विसरायची. तिखटानं नाक वाहायचं. माझं आताच्या सुनांच्या गुळचट भाज्यांवर पोट भरत नाही, पण ते जाऊ दे.

आत्याबाईंचा एक कायदा होता. त्यांचे पहिले दोन मुलगे पाळण्यातून उतरायच्या आत गेले. दोन्ही वेळा लेकराला कुणा बाईनं भर दुपारी नावानं हाक मारली होती, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. तिसरा मुलगा झाला, त्याचं बारशाला नाव ठेवलं माधव, आणि त्याच संध्याकाळी आत्याबाईंनी त्या नावाला कुलूप घातलं. बाईच्या तोंडून हे नाव निघालं तर पोरगं हाती लागणार नाही. मग मुलगा झाला बापू. आई बापू म्हणे, गाव बापू म्हणे. मला तरी ते नाव लग्नात भटजींच्या तोंडून एकदाच ऐकायला मिळालं. हेच ते माधव, माझे यजमान. हे मी लिहिते आहे, बोलत नाही.

आता नवऱ्याचं नाव न घेणं हे सगळ्याच घरी होतं. पण आत्याबाईंना नावाची सावलीसुद्धा खपत नसे. त्यामुळे आमच्या घरात मध नव्हता. माशीचं गोड होतं. ‘मधी’ म्हणायचं नाही, ‘बीचात’ म्हणायचं. शिवाय सुनेनं पाळायची बाकीची नावं होतीच. मामंजींचं नाव सोनाजी, म्हणून सोनं म्हणजे पिवळं आणि सोनार म्हणजे पिवळंवाला. आत्याबाईंचं नाव तुळसा, म्हणून तुळस म्हणजे अंगणातल्या बाई. चुलतसासरे दगडोजी, म्हणून दगड म्हणजे टणक. अशी मी बोलायची: “पिवळंवाल्याच्या अन् आपल्या घराच्या बीचात, अंगणातल्या बाईपाशी टणक पडलं हाये, ठेच लागन.” माहेरची माणसं आली की त्यांना वाटे पोरगी सासरी येडी झाली. पण आळीतल्या बायासुद्धा आत्याबाईंच्या दुःखाला मान देऊन, नि त्यांच्या जिभेला भिऊन, माशीचं गोडच म्हणत. आम्हांला त्यात काही चुकलंमाकलं वाटत नसे.

अशा घरात बोंडसाहेब राहायला आला. तो कुठल्याशा पेढीसाठी कापूस पाहायला आलेला, बोहेमिया नावाच्या मुलखातला. त्याचं खरं नाव आमच्यापैकी कोणाला उच्चारता आलं नाही. येता जाता बोंड फोडून नाकाला लावायचा म्हणून बोंडसाहेब. लाल, उंच, दारातून येताना रोज न चुकता कपाळ आपटून घ्यायचा. मामंजींनी त्याला बाहेरची खोली दिली. आमची भाषा तो पुस्तकातून शिकलेला, त्यात निम्मं संस्कृत. पहिल्याच दिवशी तो आत्याबाईंसमोर हात जोडून म्हणाला, “मातोश्री, मज क्षुधा लागली आहे.”

“याले काय लागलं म्हणते?” आत्याबाईंनी घाबरून मला विचारलं. “वैद्याले बलाव!”

ठेचा खाऊन तो रडला आणि आणखी मागितला, तेव्हापासून तो आत्याबाईंचा झाला.

दुपारी कापसाचं काम आटोपलं की तो ओसरीवर वही घेऊन बसायचा आणि स्वयंपाकघराच्या दारातून आम्हांला शब्द विचारायचा. याला काय म्हणता, त्याला काय म्हणता. बाप्यांना विचारत नसे. त्याच्या देशात म्हणे शाळेत नि कचेरीत दुसऱ्यांचीच भाषा चाले, आणि त्याची स्वतःची भाषा बायांनी चुलीपाशी जगवली. म्हणून खरा शब्द पाहिजे तर चुलीपाशी जावं, असं त्याचं मत. मी दाराआडून सांगायची आणि तो लिहून घ्यायचा. शब्दापुढे देणाऱ्याचं नाव: भागी, सून, अकोला. तोपर्यंत माझं बोलणं कोणी लिहून घ्यावं असं काही मी बोललेच नव्हते. पाणी भरून आले, भाकरी झाली, हो, नाही, एवढंच. आणि हा माणूस मी म्हटलं ‘उखळ’ की टाक बुडवून ते कागदावर उतरवायचा! मला तर रात्रभर झोप यायची नाही, उद्या कोणता शब्द देऊ म्हणून.

पण त्याचं सगळं ध्यान एका शब्दात होतं. त्याच्या लोकांत अस्वलाला ‘मेद्व्येद’ म्हणत. शेजारचे जरा वेगळं म्हणत, त्यांचे शेजारी आणखी वेगळं. “हे सर्व नातू होत,” तो म्हणे. “मी त्यांचा पणजोबा शोधतो.” तो पणजोबा म्हणजे ‘मेद्वेदि’. शेवटची इ इतकीशी, की म्हटली तरी ऐकू येऊ नये.

“हा शबूद कोणी आयकला?” आत्याबाईंनी विचारलं.

“कोणीही नाही, मातोश्री.”

“कुठी लिवेल हाये?”

“कुठेही नाही.”

“मंग तुले कसा गावला?”

“नातवांची नाके पाहून पणजोबाचे नाक काढले.” आणि असा न ऐकलेला पण असलाच पाहिजे असा शब्द लिहिताना तो त्याच्याआधी एक चांदणी काढायचा. आत्याबाईंना हे फार आवडलं. “ज्याले कोणी पाह्यलं नाही त्याले चांदणी. मंग देवाच्या आंधी काढ ना बाप्पा एक!”

त्या शब्दाची फोड तो करी ती अशी. पहिला भाग मध, दुसरा खाणारा. मध खाणारा तो अस्वल. आपल्या संस्कृतात ‘मधु’ नि ‘अद्’ जोडले की ‘मध्वद’ होतं, उ चा व होतो, तसाच तिकडे झाला. पण त्याचे गुरुजी म्हणत, तो व तसा नव्हेच; तो ‘वेद’चा व, म्हणजे मध जाणणारा. या खाणारा आणि जाणणारावरून गुरुशिष्यांत दोन वर्षं पत्रं चालली होती. साहेब सकाळी दाढी करताना तो शब्द विभक्तीत चालवून म्हणायचा, अस्वल, अस्वलाला, अस्वलाचा, हे अस्वला! आणि तो शब्द त्यांच्याकडे पुल्लिंगी आहे म्हटल्यावर आत्याबाई म्हणाल्या, “आमचं ते अस्वल. ना बाई ना बाप्या. तुमचं भल्लं मर्द दिसते.”

त्याला दुःख वेगळंच होतं. तुमचा ऋक्ष, म्हणाला, आणि आमच्या शेजारच्या किती तरी जुन्या लोकांचं अस्वलाचं नाव, ही सगळी एका घरची. फक्त आमच्या आज्यांनी ते जुनं नाव हरवलं. दारात उभ्या असलेल्या जनावराचं नाव माणूस विसरतो कसा? हे कोडं सोडवून, इथल्या शब्दांची यादी अमरावतीच्या शास्त्रीमंडळींपुढे वाचून, मग ती देशी पाठवायची होती. यादी चांगली निघाली तर त्याच्या गावच्या शाळेत त्याला जागा मिळणार होती. तिथे त्याची म्हातारी आई एकटी होती. नाही तर जन्मभर कापूस. हे सांगताना तो बोंड हातात चुरगाळत होता, मला वाईट वाटलं.

एक दिवस त्यानं खाणारा की जाणणारा याचा निकाल लावायचं ठरवलं. उस्मान दरवेशी अस्वल घेऊन गावात आला होता, त्याला बोलावून आणलं. मधाचं एक बोळकं साहेबानं स्वतः ओसरीवरच्या कापसाच्या ढिगात खोल पुरलं. अस्वलाला सापडलं तर जाणणारा. नुसतं समोर ठेवलेलं खाल्लं तर खाणारा. सगळी आळी कुंपणावर. “साब, इसको रीछ मत बोलना हां,” उस्माननं बजावलं, “सामने नाम लिया तो गुस्सा होता. भाईजान बोलना.” साहेबानं लगेच वहीत लिहिलं: भाईजान, म्हणजे अस्वल, दरवेशी लोकांत.

भाईजाननं एकदा नाक वर केलं आणि उस्मानसकट ढिगात उडी घेतली. पुढे काय झालं ते सांगताना मला आजही धाप लागते. बोळकं फुटलं, मध सांडला, आणि तो मध नि कापूस अंगाला लागून काळं अस्वल बघता बघता पांढरं झालं. पांढरं अस्वल साखळी ओढत अंगणात, मागे पांढरा उस्मान, मागे साहेब ओरडतो आहे, “त्याने जाणले! आणि खाल्लेही!” शेजारच्या आजोबांनी ते पाहून रामरक्षा म्हणायला सुरुवात केली. अस्वलानं येऊन आत्याबाईंचा हात चाटला. आत्याबाई ओरडल्या, “अवं माय वं! सारं माशीचं गोड पुसलं माह्या लुगड्याले!”

साहेब थबकला. डोळे मोठे झाले. संध्याकाळी तो ओसरीवर आला तो नाचतच. “मातोश्री! आता कळले! माझ्या लोकांनी मधूचे नाव राखले आणि अस्वलाचे हरवले. तुम्ही अस्वलाचे राखले आणि मधूचे हरवले! वऱ्हाडात मधूचा शब्द मेला. मी या आळीतली सात घरे विचारली, सातही घरी माशीचे गोड. मधला हा शब्दही नाही. सोन्याला नाव नाही, दगडाला नाव नाही. उद्या सकाळी निघून अमरावतीस हेच वाचतो!”

माझ्या हातातली परात खाली पडली. आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं की याला हे माहीत नसेल. एवढा शिकलेला, समुद्र ओलांडून आलेला, त्याला एवढं कळत नाही की घरची बाई घरातलं नाव घेत नाही? आणि आता हा शास्त्र्यांच्या सभेत उभा राहून सांगणार, वऱ्हाडात तुळशीला अंगणातल्या बाई म्हणतात. सभा हसून हसून लोळेल. शाळेतली जागा गेली, म्हातारी आई गेली, आणि प्रत्येक शब्दापुढे लिहिलेलं, भागी, सून, अकोला. बोंडसाहेबाचा सत्यानाश माझ्याच तोंडून झाला होता.

सांगणार तरी कोण? मामंजी वावरात मचाणावर, हे बंड्या घेऊन खामगावच्या बाजाराला. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि जन्मात पहिल्यांदा दाराच्या बाहेर येऊन त्याच्याशी बोलले. “साहेब, तो शबूद खरा नोहे.”

“कोणता?”

“माशीचं गोड. खरा दुसरा हाये. पण मले घेता येत नाही. तो त्यायच्या नावात हाये.”

“कोणाच्या नावात?”

“त्यायच्या.”

“ते कोण?”

“घरातले.”

“घरात मांजर आहे,” साहेब म्हणाला.

मग मी सगळं सांगितलं. कायदा, दोन लेकरं, कुलूप. ज्याची भीती वाटते त्याचं नाव घ्यायचं नाही, ज्याच्यावर जीव असतो त्याचंही घ्यायचं नाही, काही तरी आडून बोलायचं. बोलता बोलता माझंच मला सुचलं आणि मी विचारलं, “तुमच्या आज्या जंगलापाशी राह्यत होत्या काय?”

“अगदी जंगलातच.”

“मंग त्या नाव इसरल्या नसतीन, साहेब. घेत नसतीन.”

तो खालीच बसला. आतून आत्याबाईंचा आवाज आला, “बाप्या हाये म्हणे त्यायचं अस्वल. मंग नाव घेतीन कशा?” तेव्हा त्यानं टोपी काढून आढ्याला फेकली, उठून नाचायला गेला आणि दाराला कपाळ आपटलं. पुढे नातू कॉलेजात शिकून आला तेव्हा सांगत होता की हल्ली युरोपात मोठमोठे पंडित हेच म्हणतात. म्हणोत. अकोल्याच्या ओसरीवर ते आधी म्हटलं गेलं.

पण खरा शब्द अजून आलाच नव्हता. “मधु?” त्यानं विचारलं. मी मान हलवणार तोच आत्याबाई कडाडल्या, “मान हालवनं म्हंजे बोलनंच!” तो माधु म्हणाला, मोधु म्हणाला, मेधु म्हणाला. त्याला तर नेमका तेवढाच शब्द पाहिजे होता, शेपटीचा उ राहिला की गळला हे पाहायचं होतं. मी म्हटलं, दुसऱ्या पेठेत जाऊन विचारा. तर त्याचा नेम आडवा आला. ज्यानं शब्द दिला त्यानंच त्या जागी खरा शब्द द्यायचा, नाही तर जुना खोडायचा नाही. खोटा असला तरी तसाच वाचायचा. इतका हट्टी माणूस मी पाहिला नाही, एक आत्याबाई सोडून.

मी आत गेले. आत्याबाई ज्वारीचं पीठ चाळत होत्या. मी म्हटलं, “आत्याबाई, लिवलं तर ते बोलणं होते काय?”

चाळणी थांबली. बाईनं लिहिताना काय पाळावं याचा कायदाच नव्हता, कारण बाई लिहील असं कोणाच्या मनातच आलं नव्हतं. शेवटी म्हणाल्या, “तोंडातून नाही निघालं, तर नाही निघालं.” मग माझ्याकडे न बघता, “पन तुले कुठी लिवता येते?”

येत नव्हतंच. साहेबानं ओसरीवर कोळशानं सगळी अक्षरं ओळीनं काढली आणि एकेक म्हणून दाखवलं. आम्ही परातीत पीठ पसरलं. मी बोट टेकवलं. ‘म’ काढताना बोट तीनदा घसरलं, ‘ध’ तर खेकड्यासारखा आला. पण आला. परात दारातून पुढे सरकवली. साहेबानं वाकून पाहिलं आणि असा ओरडला की गोठ्यातला बैल दावं तोडून उभा राहिला. “मध! उ गळला! मध, मध, मध!” आत्याबाईंनी कानांत बोटं घातली, मग धावत जाऊन मीठमोहऱ्या आणून खामगावच्या दिशेनं ओवाळल्या. दिवे लागेपर्यंत मी त्या पिठात सोनं लिहिलं, दगड लिहिला, तुळस लिहिली. पाळायची सगळी नावं आली, साहेब वहीत खोडत गेला. त्या पिठाच्या भाकरी कोणी खायच्या हा प्रश्न उरला, तर आत्याबाईंनी त्या साहेबालाच वाढल्या. सकाळी तो अमरावतीला गेला. तिथे सभा हसली नाही, आणि पुढे दोन वर्षांनी त्याच्या देशाहून एक छापील कागद आला. त्यातलं एक अक्षर आम्हांला वाचता आलं नाही, चांदणी मात्र ओळखली. सोबतच्या मराठी पत्रात आईची खुशाली होती आणि शाळेतली पोरं फार दंगा करतात अशी तक्रार होती, म्हणजे जागा मिळाली.

हे सगळं नंतरचं. साहेब गेला त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी खामगावच्या बंड्या परत आल्या. आमची आली नाही. “होते ना बापू मागंच,” सोबतचे गडी म्हणाले. “बाळापूरपर्यंत घंटी आयकू येत होती.” रस्त्यात पटकीची साथ होती. दोन गडी शोधायला परत गेले, ते हात हलवत आले. ती संध्याकाळ गेली, दुसरा दिवस गेला. मला काही गिळेना. डोळे मिटले की परातीतली ती दोन अक्षरं दिसत. मी काय केलं हे? एका परक्या माणसाची यादी सुधारायला मी माझं कुंकू पिठात लिहून दिलं? आत्याबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या, झिंज्या धरल्या असत्या तर मी सुटले असते. त्यांचा एवढा मोठा आवाज घरातून नाहीसाच झाला. दर थोड्या वेळानं त्या उठून वेशीच्या रस्त्याकडे पाहून येत, आणि येऊन पुन्हा तीच चाळलेली ज्वारी चाळत.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी अंगणात होतो. रस्त्याच्या वळणावर घंटी वाजली. मी ती ओळखायच्या आत आत्याबाई उठल्या होत्या. वळणावरून आमची बंडी आली, आणि वर हे बसलेले, तोंडात काडी, मजेत. झालं होतं असं की बाळापूरजवळ यांना बंडीतच झोप लागली. बैल त्याच साली तिकडच्या एका शेतकऱ्याकडून घेतलेले. ते मुकाट्यानं वळले आणि आपल्या जुन्या मालकाच्या गोठ्यात जाऊन उभे राहिले. मालकानं बैलांच्या गळ्यात पडून यांना दोन दिवस पाहुणचारात ठेवून घेतलं, वडे केले, पुरण केलं, सोडलंच नाही. आम्ही इकडे मेलो, आणि हे तिकडे पुरण खात होते! पण ते मागाहून कळलं. त्या क्षणी एवढंच दिसत होतं की बंडी येते आहे आणि त्यात माणूस जिवंत आहे.

आत्याबाई धावल्या. पदर गेला, पायातली एक वहाण गेली. भर दुपारी, भर रस्त्यात, सगळ्या आळीसमोर त्यांचा तो आवाज फुटला:

“माधवाऽऽ! अरे माह्या माधवाऽऽ!”

आळीतल्या बाया जागच्या जागी थिजल्या. मी तोंडावर हात घेतला. आणि यांनी बंडी थांबवली, तोंडातली काडी काढली, आणि आई कोणाला हाक मारते आहे ते बघायला मागे वळून पाहिलं.